परतीची गाठ

माय,

तुझ्या गाठींपायी मी गेल्या हिवाळ्यात एका जंगलाच्या फाटकाबाहेर अख्खा दिवस बसून राहिली, आणि हे तुले ऐकवल्याशिवाय माझं डोकं थंड होणार नाही. तू होती तेव्हा तुले उलटून बोलायची सोय नव्हती. आता आहे. दुसरीपर्यंत शाळा पाहिलेली बाई मी, एकेक अक्षर बसवायले वेळ लागते. पण दुपारची घरात कोणी नाही आणि नातीची पेन्सिल हाताशी आहे, तर ऐक.

रोहण्याहून वांग्याचं टोपलं घेऊन आपण आर्वीच्या लहान आगगाडीनं पुलगावच्या बाजाराले जायचो. निघायच्या आधी तू चुलीपाशी बसून पदराले पैशाच्या तीन गाठी मारायची. पहिली बाजारात शिरायची. ठेकेदाराचा माणूस बैठकीचे पैसे घेतल्याशिवाय टोपलं खाली टेकू देत नसे, म्हणून ती आधी. दुसरी पोटाची. तिसरी परतीच्या तिकिटाची, आणि ती घराकडे तोंड झाल्याशिवाय सुटायची नाही, मग मधे आभाळ कोसळो. एका बाजारी तू गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून राह्यली होती, आणि मी मागे बसून ती तिसरी गाठ दातांनी सोडली आणि रेवड्या घेतल्या. तू मारलं नाही, ओरडलीही नाही. गाडी आपल्या डोळ्यांदेखत निघून गेली आणि तू रिकामं टोपलं डोक्यावर घेऊन रुळाच्या कडेनं चालू लागली. अर्ध्या वाटेत ओळखीचा बैलगाडीवाला थांबला, बसा म्हणाला. मी पाय उचललाच होता, तर तू दंड धरून मागे ओढलं. तो पुढे गेल्यावर एवढंच म्हणाली, "आज फुकटात बसलो का उद्या तो वांगे फुकटात मांगते." झालं. त्या दिवसापासून ना मी परतीची गाठ आधी सोडली, ना कोणाच्या गाडीत फुकट बसली.

त्याच वाटेवर एका विहिरीचं पाणी तू तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. मचूळ आहे म्हणाली. आणि मग रोहणा येईपर्यंत तू तुझ्या माहेरच्या तळ्याबद्दल बोलत राहिली. चांद्याकडचं जंगल, जंगलात तळं, काठावर चार घरं. सकाळी वाघ पाणी पिऊन गेला की मग तुम्ही पोरी घागरी घेऊन उतरायच्या. पाणी असं गोड, की पुन्हा दुसरं तोंडात धरवत नाही. तुझ्या बापानं तुले एवढ्या लांब देऊन टाकलं आणि पुन्हा कोणी नेलं नाही. रोहण्याचं पाणी तू जन्मभर तोंड वाकडं करून प्याली. शेवटचा चमचा मी तुझ्या तोंडात घातला तेव्हाही तू तोंड वाकडं केलं. मी विसरली नाही.

आता त्या जंगलाले सरकारनं राष्ट्रीय उद्यान केलं आहे. फाटक बसवलं, तिकीट लावलं. माझा लेक पुलगावच्या गिरणीत कारकून आहे, त्यानं पेपरात वाचलं आणि जेवता जेवता सांगितलं. मी ताटात भाकर टाकत होती, ती हातातच राहिली. मले ते तळं पाहायचं आहे, मी म्हटलं. जन्मात त्याच्यापाशी काही मागितलं नव्हतं, म्हणून तोही हात धुऊन हिशोबाले बसला. आगगाडी, मग सर्व्हिस मोटर, मग पुढे बैलगाडी, असं करत त्याचा आकडा छपराले टेकला. तेव्हा युक्ती मीच काढली. आमची भाजी वर्ध्याले नेणारी मालमोटर आहे ना, तिचा ड्रायव्हर आपल्या नाचणगावचाच, भाडं न घेता नुसत्या पेट्रोलवर येते. आणि तिकिटाचं तू माझ्यावर सोड, मी म्हटलं, बाजारात शिरायचे पैसे मी जन्मभर आधी बाजूले काढत आली. लेक, सून, नात, मी आणि ड्रायव्हर, पाच डोकी. माणशी तिकीट किती ते लेकानं कुठून तरी विचारून आणलं, आणि मी पाच डोक्यांचे पैसे पहिल्या गाठीत बांधले. दुसरीत पोटाचे, तिसरीत परतीच्या पेट्रोलचे. तुझ्यासारखेच, चुलीपाशी बसून.

आम्ही अंधारात निघालो ते ऊन चढल्यावर फाटकावर पोचलो. आडवा बांबू, एक झोपडी, आत टेबलावर टोपीवाला कारकून. मी पहिली गाठ सोडून पैसे पुढे केले. त्यानं डोकी मोजली, मग मान वाकडी करून आमच्या मोटरीकडे पाहिलं. माणसांचे वेगळे, मोटरीचे वेगळे, आणि मालमोटरीचे सगळ्यात जास्त, असं म्हणाला. पाची डोक्यांचे मिळून झाले नसते एवढे त्या एका मोटरीचे. मी विचारलं, यात माल कुठं आहे? फळीले दोन कोबीची पानं चिकटली होती, त्यानं तीच दाखवली. "आजी, पैसे मोटर पाहून लागतात, माल पाहून नाही." बरं, आम्ही पायी जातो, मी म्हटलं. पायी सोडत नाही म्हणे, वाघ आहेत. मोटरीले तिकीट असते हे लेकानं विचारलं नव्हतं आणि मले सुचलं नव्हतं. बाजारात कधी टोपल्याचे वेगळे आणि बाईचे वेगळे द्यावे लागले होते का?

लेक मले बाजूले घेऊन गेला. तो मले आई म्हणते, शिकलेला आहे. "आई, तिसरी सोड. पुरते."

"ते परतीचे आहेत."

"परतायचं मी पाह्यतो. तू सोड ना."

"घराकडे तोंड झाल्याशिवाय सुटत नाई ती."

"मंग करजो इथूनच तोंड घराकडे," तो म्हणाला आणि जाऊन मोटरीच्या पायरीवर बसला.

एवढ्यात नागपूरकडच्या एका साहेबाची जीप आली. साहेबीण बाई चांगली होती, तिनं आमची गत पाहिली. मागे दोघींची जागा आहे, आजी तुम्ही या आणि या पोरीले घ्या, म्हणाली. नातीनं माझा हात धरून ओढायले सुरुवात केली होती. माय, त्या वेळी माझ्या दंडाले तुझी बोटं लागली, खोटं सांगत नाही. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. सुनेले पुढे ढकललं, दोघींचे तिकिटाचे पैसे मोजून दिले आणि बांबू वर गेलेला पाहिला. रस्ता पहिल्या वळणापर्यंत दिसत होता. तेवढा मी दिवसभर पाहिला.

लेक माझ्याशी बोलला नाही. भाकर खाल्ली तीही पाठ करून. ड्रायव्हर मोटरीखाली झोपला. उन्हं कलल्यावर जीप आली आणि नात उडी मारून उतरली. मी विचारलं, तळं कसं होतं? मोठं होतं, म्हणाली. केवढं मोठं? खूप मोठं, आणि आजी, एका माकडानं साहेबीणबाईचा पाव पळवला. मी सुनेले विचारलं, काठावर घरं होती का? ती म्हणाली, दिसली नाही. मग दोघींनी मिळून काय पाहिलं, मी म्हटलं, पाव? सुनेनं तोंड फिरवलं, आणि वर्ध्यापर्यंत सगळी मोटर नातीच्या त्या एका माकडानं भरून गेली.

वर्ध्याले दिवे दिसले तशी मी तिसरी गाठ सोडायले घेतली आणि ड्रायव्हरले म्हटलं, पेट्रोल टाकून घे. तो म्हणते, कायले, दोन्हीकडचं निघतानाच भरलं होतं, पैसे मालकाले सवडीनं द्या. मी ओरडली, मग फाटकावर काऊन नाही बोलला? तो शांतपणे म्हणाला, "तुमी मायलेकं भांडून राह्यले होते, मंधात कोण बोलन?"

पैसे घेऊन गेली आणि पैसेच घेऊन आली. याचा राग कोणावर काढू? बाजार दर आठवड्याले भरते, माय. एक चुकला तर दुसरा येते, म्हणून तुझी गाठ तिथं शहाणी होती. ते फाटक माझ्यासाठी दर आठवड्याले उघडणार नव्हतं. तुझ्या गाठीले हे माहीत नसणार, पण मले तर दिसत होतं. मी काऊन नाही सोडली? तू शिकवलं ते मी एवढं घट्ट धरलं की तुझ्याच तळ्याच्या दारातून माघारी आली, आणि तू एक शब्द बोलत नाही.

हा कागद मी चुलीत घालणार आहे. नातीले आता वाचता येते, आणि पुढचं तिनं वाचायचं नाही.

घरी आल्यावर सुनेनं आमचा वाटेत पाण्यासाठी नेलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. "आत्याबाई, तळ्याचं आहे." मी म्हटलं, हे भरायले तिकीट काढून गेल्या होत्या का? ती म्हणाली, तुम्हीच सांगत असता ना गोड आहे म्हणून. लेकही येऊन दारात उभा राहिला. मी फिरकी उघडली आणि प्याली. कसं आहे, त्यानं विचारलं. फाटकानंतरचा त्याचा तो पहिला शब्द. गोड आहे, मी म्हटलं.

गोड नव्हतं, माय. गाळाचा आणि कुजक्या पानांचा वास होता, रोहण्याची विहीर बरी. नातीनं घोटभर मागितलं तर मी दिलं नाही. दोन दिवसांत सगळा तांब्या एकटीनं संपवला. सुनेले वाटलं, म्हातारी हावरी आहे. वाटू दे.