जिन्याखालच्या कपाटात समुद्र

तीर्थस्वरूप कोबाताई,

तुझ्या डोक्यावर राहणाऱ्या धाकट्या भावाचा, म्हणजे लेंडर्टचा, साष्टांग नमस्कार (साष्टांगच, मी सध्या जमिनीवर पालथा पडून फळ्यांमधल्या फटी तपासतो आहे, त्यामुळे वेगळं वाकावं लागलं नाही). तुझी प्रकृती कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, एरवी ती मला ऐकू येतेच. सकाळचा खोकला उतरलाय, गुडघा मात्र जिन्यापाशी कुरकुरतो, आणि रेडिओवर बातम्या लागल्या की तू अजून मंत्र्यांना उलट उत्तरं देतेस. एकाच घरात वरखाली राहून पत्र लिहायची वेळ आली हे आईला आवडलं नसतं. पण तुझ्या वाढदिवसापासून तू माझ्याशी बोलत नाहीस, आणि दाराला टपालाची फट आहे. तिला अबोला कळत नाही.

आधी त्या वाढदिवसाबद्दल. तुला वाटतं मी निष्काळजी आहे. ताई, ते निष्काळजीपणानं नाही, कुतूहलानं घडलं. माझ्या माशांच्या टाकीखाली, लाकडी खणात, एक लहान टाकी आहे. वरचं खारं पाणी ओसंडून नळीनं तिच्यात उतरतं, तिथं फेसाबरोबर घाण सुटते, आणि पंप ते पाणी पुन्हा वर चढवतो. आता पंप बंद पडला तर वरून किती पाणी खाली येईल? ज्यानं उभा जन्म पंपघरात काढला, समुद्राला आपल्या सखल गावाबाहेर हाकलण्याचा पगार खाल्ला, त्याला हा प्रश्न पडणारच (निवृत्त होताच त्याच समुद्राला घरात आणून बसवला, हा तुझा टोमणा माझ्या लक्षात आहे). तू मला जादा खुर्ची आणायला वर पाठवलंस. खाली पाहुणे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, तुझ्या वाढदिवसाबद्दल एकमेकांचं अभिनंदन करत होते, मला जरा सवड होती, म्हणून मी पंप बंद करून पाहिला. पाणी उलटं फिरू नये यासाठी नळीत एक झडप आहे. तिच्यात नेमकी एक गोगलगाय बसली होती. पुढचं तुझ्या छतानं तुला सांगितलंच. शेजारच्या फान डर एंडे आजोबांनी समुद्र ठिबकलेला मोका केक शेवटच्या कणापर्यंत खाल्ला आणि वर म्हणाले, "यंदा चव काही वेगळीच साधलीय हो." (बिचारे काय करणार? आपल्याकडे दुसरा तुकडा कोण देतो? मिळालेलाच गोड मानायचा.)

तेव्हापासून मी खालची टाकी मोठी करण्याच्या मागे आहे, आणि ताई, यात इतकं डोकं घालावं लागतं की झोपेतही मला काचा दिसतात. मोठी टाकी का? तर ती अर्धी रिकामी ठेवायला! गंमत बघ, सगळं शहाणपण त्या रिकाम्या जागेत आहे. पंप थांबला की वरचं पाणी उतरून मुकाट्यानं तिथं बसलं पाहिजे. झडपेवर भरवसा ठेवायचा नाही, पाण्याला त्याची जागा द्यायची, हे आमच्या पंपघरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मीच घरी येऊन विसरलो. काचवाल्याला माप सांगितलं तर म्हणतो, "काका, शार्क पाळताय की काय?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, पोकळी पाळतोय." त्यावर त्यानं माझ्याकडे बायको ज्या नजरेनं बघायची त्या नजरेनं पाहिलं.

मग मी हुशारी केली. काच कापण्याआधी पुठ्ठ्याची तेवढीच टाकी बनवली. ती खणाच्या दारातून आत जाईना, आडवी जाईना, उभी जाईना. आपल्या त्या शिडीसारख्या जिन्यावरून खाली न्यावी म्हणून डोक्यावर उपडी घेतली, तर मी तिच्यासकट मधेच अडकलो. त्या वेळी तू टपाल घ्यायला आली होतीस. तुला फक्त एक खोका आणि त्याखाली माझे पायमोजे दिसले असणार. तू बोलली नाहीस. पण दार मात्र धरून उभी राहिलीस, मी उलट वर सरकेपर्यंत. ते मी पाहिलं, ताई (खोक्याला पकडायचं भोक आहे). तो खोका अजून वर, जिन्याच्या तोंडाशी पडून आहे.

आणखी एक कोडं आहे. पाणी स्वच्छच राहत नाही. मी माशांना चिमूटभर खाणं घालतो, तरी काचेवर शेवाळ माजतं, फेसाच्या भांड्यात काळं पाणी साठतं, आणि त्याचा वास असा की पाद्रीसुद्धा परमेश्वराचं नाव सोडून भलतंच बोलतील. फुगणारा मासा, ज्याला आपण 'नगराध्यक्ष' म्हणतो, तो न फुगताच फुगलेला दिसतो. आधी वाळू संशयित होती, मग शंखातला खेकडा, मग नळाचं पाणी. सगळ्यांची चौकशी झाली, सगळे निर्दोष सुटले. इतकी घाण पचवायची तर मोठी टाकी हवीच, असा निष्कर्ष निघाला. या आराखड्याबद्दल तुझं मत कळव, एवढ्यासाठीच हे पत्र. बाकी काही मागणं नाही.

तुझा धाकटा,
लेंडर्ट

ता. क. मागणं एकच आहे. टाकी माझ्याकडे मावत नाही. तुझ्या स्वयंपाकघरातल्या, जिन्याखालच्या कपाटात मात्र ती अगदी मापात बसते (इस्त्रीची फळी मी वर घेईन). छताला फक्त एक भोक पाडावं लागेल, आणि जिथं पाडायचं तिथं आधीच डाग आहे. पाणी तुझ्याकडे येणारच असेल, तर ते केकवर येण्यापेक्षा टाकीत आलेलं बरं, नाही का?

ता. क. दुसरा. कोडं सुटलंय, हे लिहायचं राहिलं. परवा गुरुवारी आमच्या गाण्याच्या मास्तरांचा घसा बसला आणि मी तालमीहून लवकर परतलो. वर आलो तर माझ्या खोलीत तुझा आवाज. तू नगराध्यक्षांशी बोलत होतीस. "तुझा मालक गाढव आहे गाढव. खाली मी एकटी, वर तो एकटा, आणि मधे ओलं छत. पण मी पहिली बोलायची नाही, सांगून ठेवते. खा तू, किती वाळलायस!" मी काय करणार? मला आत जाण्याचा धीर झाला नाही. तू निघालीस तसा मी पुठ्ठ्याच्या खोक्याखाली बसलो. जाताना तू, त्याला भरवलेल्या हेरिंग मासळीचा तेलकट कागद भोकातून आत टाकलास. तो माझ्या डोक्यावर पडला. कांद्यासकट. कळून टाकलास की न कळता, हे विचारायची माझी छाती नाही.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हिशेब नव्यानं मांडला. तू हेरिंग बंद केलंस तर माझ्याकडे मावेल एवढी टाकी पुरते, आणि तुझं कपाट वाचतं. तू ठरव म्हणणार होतो, पण कालच काचवाल्याला मोठीच काच कापायला सांगून आलो. तेव्हा हेरिंग कमी करू नकोस, फक्त कांदा तेवढा काढ. या गुरुवारी मी गाण्याला जात नाही. दोन कप कॉफी टाकून ठेवतो. तू नगराध्यक्षांशीच बोल, मी शेजारी बसून ऐकेन.