नवरा सोडून

उज्जैन, मंगळवार, संध्याकाळ

मंडळाच्या हळदीकुंकवात आज संमतीच्या कायद्यावर बोलले. बाईनं प्रतिकार केला नाही म्हणजे तिनं होकार दिला असं होत नाही, हे ठणकावून सांगितलं. टाळ्या!

नंतर एक तरुण सून जवळ आली. वाणाची वाटी दोन्ही हातांत घट्ट. "ताई, मी नको म्हणते, तरी हे ऐकत नाहीत. केस बनेल ना?"

"नवऱ्यावर छळाची होईल. बलात्काराची नाही."

"मग माइकवर का नाही सांगितलं?"



काय सांगणार? अध्यक्षीणबाई आधीच म्हणाल्या होत्या, "सणाला नवऱ्यांचा विषय नको हं." आणि मी मान डोलावली. मी!

कायद्यानं नवऱ्याला वगळलं म्हणून इतकी वर्षं ओरडते आहे. आज मीही वगळलं.