ल्यूशसच्या खुणा

बेल्स क्रॉसिंग, जॉर्जिया
४ मार्च १९७९

प्रिय वर्लीनताई,
ओडेसाचा न. वि. वि. डेट्रॉइटची थंडी सरली का? भाओजींचा गुडघा कसा आहे? फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. आमची लाइन तीन घरांत मिळून आहे, आणि तिसऱ्या घरातली बाई नेमकी माझ्याच वेळी कान लावून बसते.

काल इस्पितळात ल्यूशसला भेटून आले. सात महिन्यांत आपला भाऊ निम्मा झालाय. त्या दिवशी कपडे धुवायच्या दुकानाबाहेर आपल्या पाळीची वाट बघत उभा होता बिचारा. पोलिसाने मागून दिलेली हाक बहिऱ्याला कशी ऐकू जाणार? वळला, लिहून दाखवायला खिशातली वही काढू लागला, तोच त्याला खाली पाडलं. जीव तोडून हातांनी सांगत होता, तर म्हणे हातवारे करतोय, डोकं फिरलंय. तीस दिवस तपासणीसाठी म्हणून वेड्यांच्या इस्पितळात नेलं, ते अजून सोडत नाहीत.

इस्पितळाने खुणा जाणणारा माणूस आणला होता. तो गोऱ्या मुलांच्या शाळेत शिकलेला. आपल्या काळ्या मुलांची बहिऱ्यांची शाळा वेगळी, तशा खुणाही वेगळ्या; दोन्ही हातांच्या, पार कपाळापासून सुरू होणाऱ्या. त्याला निम्म्याही कळल्या नाहीत, आणि त्याने लिहून काय दिलं, तर ‘बोलणं असंबद्ध’.

२६ तारखेला सुनावणी आहे. मी सांगते त्याचं म्हणणं, असं म्हटलं, तर आपले वकील गॅस्किन म्हणाले, सख्खी बहीण कोर्टाला चालणार नाही. आता मोझेल पेटवेला विचारते. तिचे आईवडील दोघेही बहिरे, ल्यूशसच्याच शाळेतले. ती स्वतः ऐकू येणारी, शाळेची बस चालवते.
तुझी,
ओडेसा

डेट्रॉइट
११ मार्च १९७९

चि. ओडेसास,
थोरलीचे अ. आ. वि. वि. तुझं पत्र वाचता वाचता मक्याचा पाव करपला. तुझ्या भाओजींनी निमूट खाल्ला, यावरून घरात काय वातावरण आहे ते समज.

तुला आवडणार नाही तेच लिहिते. हे प्रकरण वाढवू नकोस. तूही कौंटीच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला आहेस. उद्या तुला काढलं तर पोरींना काय घालशील? इस्पितळात त्याच्या डोक्यावर निदान छप्पर आहे. तू मुळातच हट्टी. भर प्रार्थनेत पाद्रीसाहेबांची चूक सुधारणारी तू. पण पाद्री हसून सोडून देतात, पोलीस देत नाहीत. मी ते गाव का सोडलं, ते तुला ठाऊक आहे.

रागाव, पण उत्तर पाठव. ते येईतो मला घास गोड लागायचा नाही.
वर्लीन

बेल्स क्रॉसिंग
१९ मार्च १९७९

प्रिय ताई,
न. वि. वि. छप्पर म्हणालीस? तिथे दुपारी त्याची मनगटं खाटेला बांधतात. बोलणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबावा, तसं आहे ते.

मोझेल नाही म्हणाली. साहेबाने तिला बजावलंय की २६ तारखेला रजा घेतलीस तर परत येऊ नकोस. माझ्याच पायरीवर बसून रडली. मी तिला काय बोलणार? कोणीच आलं नाही, तर ‘असंबद्ध’ एवढाच कागद कोर्टापुढे राहील, आणि ल्यूशस आणखी वर्षभर आत.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. पण थांबव म्हणू नकोस.
ओडेसा

बेल्स क्रॉसिंग
२७ मार्च १९७९

प्रिय ताई,
न. वि. वि. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

काल सुनावणीला दहाची वेळ होती. न्यायाधीशांनी दोनदा घड्याळ पाहिलं. इस्पितळाचा माणूस आपला कागद वाचायला उठलाच होता, तेवढ्यात बाहेर ब्रेक किंचाळले. मुलांना शाळेत सोडून मोझेल रिकामी पिवळी बस घेऊन थेट कोर्टावर आली होती!

न्यायाधीशांनी प्रमाणपत्र मागितलं. ती म्हणाली, ते नाही साहेब, पण मी बोबडं बोलायच्या आधी हातांनी बोलत होते. मग त्यांनी तिची परीक्षाच घेतली. टेबलावरचं दिसणार नाही असं तिला खाली उभं केलं, ल्यूशसला आपल्या उंच टेबलापाशी बोलावलं, आणि टेबलावर काय दिसतं ते खुणांनी सांगायला चिठ्ठीवर लिहून दिलं. इस्पितळाच्या गोळ्यांनी त्याची बोटं थरथरत होती. मोझेल त्याचा एकेक शब्द जपून बोलली: पाण्याचा जग, दोन पेनं, आणि माझ्या नावाची फाइल, जिची दोरी अजून सुटलेली नाही.

कोर्टात कोणी हसलं नाही. न्यायाधीशांचे कान मात्र लाल झाले. त्यांनी दोरी सोडली.

पुढचा तासभर ल्यूशस बोलत होता. सात महिन्यांचं सगळं. संपलं तेव्हा न्यायाधीश म्हणाले, याला आजच घरी न्या.

मी उठले, पण तो हलेना. मोझेलकडे वळून पुन्हा खुणा करू लागला. त्याच्या शेजारच्या खाटेवर एमस नावाचा म्हातारा आहे. ल्यूशसच्याच शाळेतला. बावीस वर्षं आत. तो वेडा नाही, बहिरा आहे; त्याला न्यायला कोणी आलंच नाही. न्यायाधीश म्हणाले, ते आज माझ्यापुढे नाही, आणि उठून गेले.

मोझेलने संध्याकाळी बसची किल्ली परत केली. ल्यूशस आत झोपलाय.

एमसला नातेवाईक नाहीत. अर्ज कोणाच्या नावाने करू, असं गॅस्किन विचारत होते. मोझेलने तिचं नाव दिलं, मी माझं. आणखी एक नाव लागेल म्हणतात.

लोभ तुझा आहेच, ताई. या वेळी सहीसुद्धा पाठव.
ओडेसा