मानेवरचा डाग

प्रिय मंगल,

आपला फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि तुझी आई शेजारीच असते. तिच्यासमोर बोलवत नाही म्हणून लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली, चुका पोटात घाल. आधी चांगलं सांगतो. आई बरी आहे. काल स्वतः चालत मेंढरांच्या वाड्यापर्यंत आली आणि कोकरू उन्हात का बांधलं म्हणून मला बोलली. फार बरं वाटलं.

माझी काळजी मात्र जात नाही. ती जरा जास्त वेळ झोपली की मी तिच्या नाकापुढं हात धरतो. परवा डोळे न उघडताच म्हणाली, "आवं, जित्ती हाय मी. हात काढा, तंबाखूचा वास येतोय."

तिच्या डोक्यात रक्तस्राव झाला तेव्हा तू इथं होतीसच. आत रक्तवाहिन्यांची गाठ आहे, फार खोल आहे, कापता येत नाही, असं सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. रक्त जिरल्यावर त्यांनी दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ते औषध सुरू केलं. ते नव्या रक्तवाहिन्या फुटू देत नाही, मग गाठीला पोसायला काही राहत नाही. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही, हेही ते म्हणाले. आईला लागू पडलं. दोन डोसांनंतरच्या फोटोत गाठ लहान दिसली.

तिसरा डोस चुकला. औषध आलं नव्हतं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं.

दुसऱ्या डोसानंतर चार दिवसांनी तिचं डोकं दुखलं आणि मी घाबरलो. कुणाला विचारलं नाही. आपल्यात मेंढराला डाग देतात तसा माणसालाही देतात. माझ्या पोटावर वडिलांनी दिलेला आहे. मी विळा तापवला आणि तिच्या मानेवर टेकवला. डोकं दुखायचं थांबलं, पण डाग भरेना. पंधरा दिवस झाले तरी ओलाच. तिसऱ्या डोसाला गेलो तेव्हा दवाखान्यातल्या शालू सिस्टरांनी पदर सरकवून बघितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "बाबा, जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. औषध त्याच अडवतंय. आता जखम मिटेपर्यंत औषध बंद." सहा आठवडे मी दिवसातून दहादा तिची मान बघत होतो. तेवढ्यात गाठ वाढली असती तर तिला मीच मारलं असं झालं असतं. आता खपली पडली आहे, खाली गुलाबी कातडी आली आहे. नव्या फोटोत गाठ आहे तेवढीच आहे.

शुक्रवारी औषध पुन्हा सुरू होणार आणि तू वाईहून येणार, म्हणून हे पत्र. औषध का आणलं नाही म्हणून तू शालू सिस्टरांना फोनवर नको ते बोललीस. मी समोर उभा होतो आणि गप्प राहिलो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. फोन ठेवून एवढंच म्हणाल्या, "बाबा, हे लेकीला तुमीच सांगा." सांगितलं. आता आलीस की आधी त्यांच्याशी नीट बोल. आणि डाग कसा देऊ दिलास म्हणून आईला विचारू नकोस. विळा हातात घेऊन मी तिला विचारलं होतं, देऊ का. ती म्हणाली, "द्या. माझं दुखणं जाईल न जाईल, तुमचा जीव तरी थाऱ्यावर येईल."

तुझाच भित्रा
आबा