जुन्या कॅप्टनचा ट्रेड

शनिवार, रात्र

कामावरून सुटी झाल्यावर चहाच्या टपरीवर रफिकभाईंशी पुन्हा तोच वाद. अमेरिकेतल्या आमच्या लाडक्या बास्केटबॉल टीमनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, कोणाला घ्यावं? मी म्हणालो, जुना कॅप्टन सोडू नये. रफिकभाई बशीत चहा ओतत म्हणाले, "गुडघा गेला ना त्याचा. मंग कशाला ठेवून राह्यले? ट्रेड करा, दुसऱ्या टीमला देऊन टाका, बदल्यात ड्राफ्टमधी वरचा नंबर घ्या, अन् ते उंच पोरगं आणा."

मी भांडलो. बिलकुल ऐकेनात.

निघताना त्यांनी आमच्या रविवारच्या टीमचा बॉल माझ्या गाडीला अडकवला. कॅप्टन म्हणून इतकी वर्षं तो त्यांच्याच घरी असायचा.

आमच्याकडंही एक नवा उंच गडी आलाय. आणि गाडीवर बसताना रफिकभाई गुडघा धरतात. हे मला आत्ता, जेवताना कळावं?

उद्या बॉल त्यांच्याच घरी नेऊन टांगतो. हा ट्रेड मला मान्य न्हाई.