झाडं भादरण्याविषयी माझी शेवटची इच्छा

मी, एल्वुड हॅस्केट, वय वर्षे शहात्तर, राहणार आल्डर ओढा, हंबोल्ट परगणा, कॅलिफोर्निया, हे राजीखुशीने आणि स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. सकाळपासून काहीही ओढलेलं नाही. खात्री हवी असल्यास माझी चिडचिड पाहावी. याआधीची दोन मृत्युपत्रं रद्द समजावीत. त्यांत मालमत्ता कमी आणि शिव्या जास्त होत्या.

१. राहतं घर व पाण्याची टाकी पत्नी रोवीना हिला. घर तिनेच बांधलं, मी फक्त खिळे धरले.

२. पिकअप गाडी मुलगा थॅड यास. तो शहरात नोकरीला आहे आणि वडील टोमॅटो लावतात असं सगळ्यांना सांगतो. गाडीच्या सीटला येणारा वास टोमॅटोचा आहे, हे साहेबांना कसं पटवायचं ते त्याचं त्याने बघावं.

३. माझ्या चौदा कात्र्या शेजारी गस पेड्रोटी यास. गांजाच्या झाडाला तुरे धरल्यावर तिसऱ्या आठवड्यात सगळी मोठी पानं काढून टाकावीत, म्हणजे ऊन खालच्या तुऱ्यांपर्यंत पोचतं आणि पीक वाढतं, हे या दरीला मी शिकवलं. गावच्या सभागृहात वर्ग घेतले. लोक मला प्रोफेसर म्हणू लागले आणि मी कोणाला अडवलं नाही. गस माझा पहिला शिष्य. एका वर्षी त्याने झाडं अशी भादरली की नुसत्या काड्या उरल्या, आणि पीक मूठभर आलं. "काय चुकलं, प्रोफेसर?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "उशीर केलास." पुढच्या वर्षी त्याने पानं आठवडाभर आधी तोडली. तेव्हा मी म्हणालो, "घाई केलीस."

४. घरामागची बाग आणि आम्ही जोपासलेल्या गांजाच्या वाणाचं बियाणं रोवीनाला, कोणत्याही अटीशिवाय. जुन्या मृत्युपत्रात पानं तोडत राहण्याची अट होती. ती मी काढून टाकली आहे, आणि त्याचं कारण नोंदवणं भाग आहे.

रोवीनाचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. "धुक्याने बुरशी धरते, म्हणून दाटीतली चार पानं काढ, हवा खेळू दे. पण झाड जेवतं ते पानांनीच ना रे?" १९९७ साली आम्ही पैज लावली. सहा झाडं, तीन माझ्या पद्धतीची, तीन तिच्या. हरेल त्याने जन्मभर या विषयावर तोंड उघडायचं नाही. माझ्या तुऱ्यांना लाल फीत, तिच्या तुऱ्यांना निळी. तुरे वाळले तेव्हा ती बहिणीच्या आजारपणात युरेकाला गेली होती. मी एकट्यानेच वजन केलं. तिचे माझ्या दीडपट भरले.

मी फिती बदलल्या.

ती परत आली, काट्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बरं. दे ती कात्री." तेव्हापासून बावीस वर्षं ती माझ्याबरोबर पानं तोडते आहे, आणि शब्दाला जागून एकदाही बोललेली नाही. आता तिची बोटं सरळ होत नाहीत. बरणीचं झाकण उघडायला ती मला हाक मारते, आणि मी उपकार केल्यासारखा उघडून देतो. याची मला लाज वाटते.

५. हा कागद माझ्या मृत्यूनंतर उघडायचा होता. मंगळवारी तो पाकिटात घालताना रोवीना मागे उभी होती. तिने हातातून घेतला आणि सगळा वाचला.

"मेल्यावर उघडायचा? म्हणजे मी भांडू कोणाशी, तुझ्या थडग्याशी?"

"आत्ता सांगितलं तर लोक काय म्हणतील गं?"

"म्हणू देत! बावीस वर्षं मी गप्प बसले, आता तू ऐकून घे. शनिवारी सुगीचं जेवण आहे, तिथे सगळ्यांसमोर वाच. नाहीतर तुझी बाग तुलाच लखलाभ. रविवारी मी बहिणीकडे जाते, आणि परत यायची नाही."

तिने बॅगही भरली.

६. हे कलम सभागृहात बसून लिहीत आहे. वरील मजकूर मोठ्याने वाचला. बीन्सचे चमचे थांबले. गस उभा राहिला.

"म्हणजे माझा उशीरही नव्हता आणि घाईही नव्हती?"

"नाही रे, गस."

"मग काय होतं?"

"पानं नव्हती."

यानंतर जे बोललं गेलं ते मृत्युपत्रात लिहिण्याजोगं नाही. मक्याच्या पावाचा एक तुकडा मला लागला. तो कोणी फेकला याची चौकशी करू नये.

स्थळ: आल्डर ओढा सभागृह. शनिवार, दिनांक ५ ऑक्टोबर २०१९.

सही: एल्वुड हॅस्केट

साक्षीदार १: गस पेड्रोटी. कात्र्या नाकारल्या, त्यामुळे साक्षीला मोकळा.

साक्षीदार २: मार्लिस क्विल, सभागृहाची व्यवस्थापक. मजकूर ऐकला. लिहिणारा शुद्धीत आहे आणि अजून जिवंत आहे, दोन्हींचं नवल वाटतं.

वारसाला साक्षीदार होता येत नाही असं मार्लिस म्हणते, म्हणून ही सही नाही, नुसता निरोप आहे: सगळं ऐकलं. बॅग रिकामी करायला तूच लागशील, माझी बोटं चालत नाहीत. चल घरी. रोवीना.