मंगळ हलवण्याबाबत

तीर्थरूप नाना,

मेहरूणहून भूषणचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? काकूंना सांगा, धुळ्याहून पाठवलेले पापड पोचले आणि संपलेही.

मी मजेत आहे. सरांच्या तोंडावर दार आपटून कॉलेज सोडलं तेव्हा (दार आधीच मोडकं होतं, हे कोणी सांगत नाही) तुम्हाला वाटलं, पोरगं वाया गेलं. पण दुकानात मोबाइल दुरुस्त करून झाले की मी उषाचे आलेख काढून देतो. उषा म्हणजे माझ्या वर्गातली, चोपड्याची. तिने कॉलेज सोडलं नाही. तिचा अभ्यास असा, की आपल्या आकाशगंगेच्या पार पलीकडे काही दीर्घिका कधी मंदावतात, कधी एकदम भडकतात. कुठल्याशा उंच, कोरड्या डोंगरावरची दुर्बीण त्यांच्याकडून येणाऱ्या, मिलिमीटरहूनही आखूड लहरी वर्षानुवर्षं मोजते आणि उषा ते आकडे इथे बसून तपासते. (एवढी नजर तिने माझ्यावर ठेवली असती तर!) शांत वर्षं मला कंटाळवाणी वाटली म्हणून एकदा मी ती गाळूनच टाकली. ती म्हणाली, "काही घडलं नाही, हेही मोजूनच कळतं. पुन्हा हात लावलास तर माउस काढून घेईन." त्याच क्षणी मी हिला लग्नाचं विचारायचं ठरवलं, आणि विचारलंही. ती हो म्हणाली.

अडलं तिच्या आईपाशी. बेबाबाईंनी पत्रिका पाहिली नि म्हणाल्या, "पोऱ्याले मंगळ शे. नको." आता नाना, ती दुर्बीण दूरचं काही मोजण्याआधी मंगळाकडे बघून आपलं माप जुळवून घेते, कारण मंगळ भरवशाचा! हे मी त्यांना अगदी शांतपणे समजावलं. (शेजारचे पितांबरभाऊ भिंतीवरून डोकावले, ते त्यांच्या सवयीने.) तर बेबाबाई म्हणतात, "मंगळ ऱ्हाऊ दे बापू, तूच भडकी ऱ्हायना!" म्हणे मीच भडकतोय! उषा खुदकन हसली. मला तिचा रागसुद्धा आला नाही, यावरून माझी प्रगती ओळखा.

तुमचा,
भूषण

ता. क. माझी पत्रिका तुम्हीच मांडली होती. मंगळ आठव्या घरातून नवव्यात सरकवता येईल का? कोणाला कळणार नाही.

पुन्हा ता. क. उषाला कळलं. (पाकीट चिकटवायला तिच्याकडेच दिलं होतं.) ती म्हणते, मंगळ हलवलास तर लग्न विसर. तेव्हा तो आहे तिथेच राहू द्या आणि रविवारी तुम्हीच चोपड्याला येऊन बेबाबाईंशी बोला.

आणखी एक. तुम्ही बोलत असताना मी अंगणातसुद्धा दिसू नये, अशी उषाची अट आहे. मी ती मान्य केली आहे. (लगेच नाही केली.)